सहाव्या पाकळीचा ठसा

माझ्या उजव्या हाताची ही कड बघा, करंगळीकडची. कांद्याएवढी गाठ आहे ना? ती आता माझ्याबरोबरच जाईल. बेचाळीस वर्षं मी इस्फहानच्या बाजारात कलमकार कापडावर ठसे मारले. डाव्या हाताने ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर नेमका बसवायचा आणि उजव्या मुठीने वरून हाणायचा. दिवसाला दीड-दोन हजार वेळा. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, वा रजबअली, काय सुंदर फुलं काढता! अहो, मी कुठली फुलं काढतोय? मी हाणतो. फुलं काढायचा तो नेमत, आणि त्याचं नाव कुण्या गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही.

त्याचीच गोष्ट सांगायची आहे. माझीही तीत आहे, पण ती आपोआप येईल.

उस्ताद नेमतुल्ला हा आमच्या हाजी लुत्फींच्या कारखान्यातला नक्षीकार. पलंगपोस, पडदे, उशांचे अभ्रे, भिंतीवर लावायची कापडं, जेवायला बसताना खाली अंथरायचे सुफ्रे, या सगळ्यांवर जी वेलबुट्टी असते ती काढणारा. माडीवर खिडकीपाशी त्याचं बुटकं मेज होतं. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि कोटाच्या खिशात हात घातला तर वाळलेली पानं, बिया, देठ. दर शुक्रवारी सुट्टी, दुनिया सासुरवाडीला जाते, नेमत सोफे डोंगराच्या पायथ्याशी जाऊन झुडपांपुढे उकिडवा बसायचा. पाकळ्या मोजायचा. पान देठाला कुठे चिकटतं ते भिंगातून बघायचा. झाडाच्या बाबतीत खोटं त्याला खपायचं नाही, बास.

एकदा हाजीने दुबईच्या व्यापाऱ्यासाठी नक्षी मागितली, एकाच वेलीवर गुलाब आणि द्राक्षं.

"हाजीआगा," नेमत म्हणाला, "गुलाब आणि द्राक्षं एका वेलीला लागलेली तुम्ही कोणत्या बागेत पाहिलीत?"

"गिऱ्हाइकाच्या बागेत," हाजी म्हणाला. "तिथे काहीही लागतं."

आम्ही खाली पोट धरून हसलो. नेमतने शेवटी दोन वेली काढल्या, एकमेकींत गुंतवलेल्या, पण मुळं वेगळी. व्यापाऱ्याला फरक कळला नाही. नेमतला त्या रात्री झोप लागली असेल.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. नक्षीकार पातळ कागदावर नक्षी काढतो. तो कागद नासपतीच्या लाकडावर खळीने चिकटवतात आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरत जातो. ठसा तयार होतो तेव्हा कागदाचा भुगा झालेला असतो. एका नक्षीला चार ठसे लागतात: काळी रेघ, लाल, निळा, पिवळा. त्यात काळ्या रेघेचा ठसा म्हणजे जीव. नक्षीकाराच्या हाताची जी काही खूण उरते ती त्या लाकडात, आणि लाकूड मालकाचं. नेमतच्या घरात त्याच्या हातचा एक कागद नव्हता. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "झाडाकडे स्वतःचं फूल राहतं का?" म्हणायचा.

त्याला एकच मुलगी होती, मलीहा. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली. आई, कोकब वहिनी, दुपारच्या शाळेत आया होत्या, म्हणून ही सकाळची शाळा सुटली की कारखान्यात यायची आणि बापाच्या मेजाखाली बसून शेंगदाणे खायची. मोठी चुरूचुरू बोलणारी. मला विचारायची, "रजबकाका, तुम्ही कापडाला का मारता? त्याने काय केलंय?"

सात वर्षांची असताना तिने तो पराक्रम केला. एका पलंगपोसाची किनार नेमत काढत होता, गुलखैऱ्याची. फक्त कोपरा राहिला होता. तो दुपारच्या नमाजाला खाली गेला आणि इकडे या बयेने त्याचीच लेखणी घेऊन कोपऱ्यात आपलं फूल काढून टाकलं! गुलखैऱ्याला पाकळ्या पाच असतात. हिने सहा काढल्या, आणि सहावी फुलातून सुटून बाहेर निघालेली. पान देठाला नाही, थेट फुलाच्या पोटातून आलेलं. आम्ही सगळे जिन्याखाली गोळा झालो. म्हटलं, आता छप्पर उडतंय.

नेमतने कागदावर भिंग धरलं.

"ही सहावी कुठे चाललीय?" त्याने विचारलं.

"घरी," मलीहा म्हणाली. "कंटाळा आला तिला फुलात."

"आणि पान इथून कसं येईल?"

"येतं की. तुम्ही गेलात की येतं."

माणूस हसला हो! ज्याने दुबईच्या व्यापाऱ्याला पान इकडचं तिकडे करू दिलं नाही, त्याने तो कागद तसाच उचलला आणि कुली उस्तादांकडे कोरायला दिला. कुली उस्ताद आमचे म्हातारे कोरणारे. त्यांनी चष्मा वर केला. "नेमत, कोपऱ्यात चुकलंय."

"माहितीये. तसंच कोरा."

"लोक हसतील."

"हसू देत. माझ्या पोरीचं फूल बाजारात चाललंय."

कागद लाकडावर चिकटला आणि भुगा होऊन गेला. दुसरी प्रत काढून ठेवावी हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आमच्यात कुणाच्याच येत नाही, सवयच नाही ती.

कोपऱ्याचा तो ठसा तळहाताएवढा. मी पहिल्यांदा मारला तेव्हा मलीहा शेजारी उभी होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. आणि काय सांगू, ते पलंगपोस असे खपले की हाजीची झोप उडाली. बायका यायच्या, बाकीच्या चार हात नक्षीकडे बघायच्या नाहीत, कोपऱ्यावर बोट ठेवायच्या. "हे वेडं फूल असलेलं द्या." मग हाजीने ते फूल पडद्यांवर घेतलं, सुफ्र्यांवर घेतलं, अभ्र्यांवर घेतलं. शेजारच्या कारखान्यांनी कापड विकत नेऊन त्यावरून नकला कोरून घेतल्या. दोन वर्षांत अर्ध्या बाजारात सहावी पाकळी घरी निघाली होती.

मलीहा नऊ वर्षांची असताना गेली. मेंदूत ताप चढला. युद्धाची वर्षं होती, इस्पितळात खाटा नव्हत्या आणि जे औषध हवं ते शहरात नव्हतं. नेमत तीन दिवस एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावत होता. चौथ्या दिवशी धावायचं कारण राहिलं नाही. मी खांदा दिलाय त्या जनाज्याला. त्यात वजन म्हणून नव्हतं.

चाळीस दिवसांनी तो कामावर आला. मेजापाशी बसला नाही, माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी तेव्हा सुफ्र्याचे कोपरे मारत होतो.

"थांब," म्हणाला.

मी थांबलो. त्याने ठसा माझ्या हातातून घेतला, रंग पुसला आणि उजेडाला धरला. "घरात काही नाही रे रजब," म्हणाला. "वह्या आहेत शाळेच्या. पण त्यात बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उतरवलंय. तिने तिच्या मनाने, तिच्या हाताने काढलेलं एवढंच आहे."

तो ठसा घेऊन तो हाजीकडे गेला. हाजी लुत्फींची जीभ म्हणजे मधाचं पोळं. "उस्ताद! ठसा काय मागता? दुकान तुमचं, घर तुमचं, मी तुमचा!" असं म्हणत ठसा आपल्या हातात घेतला आणि फळीवर ठेवून दिला. "फक्त एवढं करा, दुसरा कोरून द्या. हुबेहूब. मग हा तुमचा. बाकीच्या तीन ठशांवर बसला पाहिजे, एवढंच."

नेमत बसला काढायला. तो महिना मी विसरणार नाही. इस्फहानात त्याच्या तोडीचा हात नव्हता, आणि त्याला एक चुकीचं फूल काढता येईना. चाळीस कागद झाले. प्रत्येक फूल नीटनेटकं. सहा पाकळ्या काढायचा, पण सहावी शिस्तीत बसायची.

"हात ऐकत नाही," तो मला म्हणाला. "तिची पाकळी घरी चाललीय. माझी कुठे जात नाही, तिथेच बसते."

शेवटी कापडावरूनच गिरवून घेतलं आणि कुली उस्तादांनी नवा ठसा कोरला. मी दोन्ही मारून दाखवले. हाजीने कापडं दारात नेऊन पाहिली, जिभेने चक् केलं. "नव्यात जान नाही, उस्ताद. गिऱ्हाइकाला कळेल. पण तुमचा शब्द मी मोडत नाही हं. ठसा हवा होता ना? हा नवा घेऊन जा, माझ्याकडून!" आणि तो नकली ठसा त्याच्या कोटाच्या खिशात स्वतःच्या हाताने घातला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नेमतने मान लववली, आभार मानले आणि माडीवर गेला. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, पण मी असतो तर तो ठसा हाजीच्या टकलावर मारला असता. असं मी तेव्हा म्हणायचो. मी काय केलं ते आता ऐका.

लाकूड झिजतं. पन्नास-साठ हजार वेळा मारलं की रेघ बोथट होते, मग कोरणारा ती पुन्हा धारदार करतो, थोडी आत घेतो. म्हणजे दर वर्षी त्या पोरीच्या हाताची एक कड जात होती आणि ती घालवत होती माझी मूठ. नेमतला ते दिसत होतं. एक दिवस संध्याकाळी, सगळे हात धुत असताना, तो माझ्याजवळ आला.

"रजब, मी तुला कधी काही मागितलं नाही."

"मागा की, उस्ताद."

"तो ठसा. फडक्यात गुंडाळून ने एक दिवस. हा नकली घे, तिथे ठेव. तू मारशील तर हाजीला कळणारही नाही."

मी हो म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं. आणि मग कच खाल्ली. घरात दोन मुली लग्नाच्या, हाजीची नजर घारीची, बाहेर युद्धाने मोडलेला बाजार. म्हटलं, नवरोजच्या मागण्या उरकू देत. नवरोज झाला. म्हटलं, हाजी मशहदला यात्रेला जाईल तेव्हा. हाजी गेला आणि आला. नेमत रोज संध्याकाळी जिन्यावरून उतरताना फक्त एक शब्द विचारायचा. "आज?"

"उद्या, उस्ताद."

कधी रागावला नाही. एकदा तरी शिवी द्यायची! मान हलवायचा आणि जायचा. असं दीड वर्ष चाललं, सांगायलाही लाज वाटते.

त्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी होती. ठसे सकाळी बर्फासारखे असायचे, म्हणून आम्ही ते शेगडीजवळ ठेवायचो. तसं ठेवू नये हे मला बापाने शिकवलं होतं. एका बुधवारी सकाळी मी कोपऱ्याचा ठसा उचलला, रंगात टेकवला, हाणला, आणि मुठीला कळलं. आवाज वेगळा आला. उचलून बघतो तर मधोमध चीर, फुलाच्या पोटातून पानापर्यंत.

आता ही दुसरी रीत. चिरलेला ठसा रंग पितो, त्याचा उपयोग नाही. तो आम्ही मागच्या दाराशी कट्ट्यावर ठेवतो. तिथे मोठ्या तांब्याच्या कढया आहेत, त्यात रंग पक्का करायला कापड उकळतात. कढईवाला सफदर कट्ट्यावरचं लाकूड न बघता चुलीत घालतो. वर्षानुवर्षं असंच. मला विचाराल तर मी त्या क्षणी काहीच विचार केला नाही. चीर दिसली, हात गेला, ठसा कट्ट्यावर ठेवला आणि मी मेजाखाली लपवलेला तो नकली ठसा घेऊन पुढचा सुफ्रा ओढला. बेचाळीस वर्षांत शेकडो ठसे ठेवले तसा तोही ठेवला. हाताने ठेवला हो, मी नाही! पण हात कुणाचा?

दहा-बारा कोपरे मारून झाले आणि मग लक्षात आलं, काय ठेवून आलो ते. पळत मागे गेलो. कट्टा रिकामा. सफदर चुलीपुढे बसून चहात खडीसाखर बुडवत होता.

"इथला ठसा?"

"कोणता? होते दोन-तीन," तो म्हणाला. "चांगलं लाकूड, झटकन पेटतं."

मी चिमटा घेऊन निखारे उकरले. सफदर म्हणाला, "वेड लागलं का?" काही नव्हतं. कढईत त्याच फुलाचे सुफ्रे उकळत होते.

संध्याकाळी नेमत उतरला. "आज?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. फुटला, उस्ताद, आणि मी गाढवासारखा कट्ट्यावर ठेवला. त्याने ऐकून घेतलं असतं. रडला असता, कदाचित मला जवळही घेतलं असतं, तसा होता तो. मी म्हटलं, "घात झाला, उस्ताद. हाजीने जुन्या ठशांचं पोतं विकलं भंगारवाल्या दलालाला. त्यात चुकून तोही गेला. पण हाजीला विचारू नका हं, त्याला कळेल की मी तुमच्यासाठी त्या ठशावर डोळा ठेवून होतो. माझी रोजी जाईल."

त्याने हाजीला कधी विचारलं नाही. माझी रोजी जाऊ नये म्हणून. मरेपर्यंत नाही विचारलं.

तेव्हापासून त्याचे गुरुवार सुरू झाले. गुरुवारी दुपारी तो जुन्या वस्तूंच्या दुकानांतून फिरायचा. जुने ठसे तेव्हा प्रवाशांना विकायला लागले होते, मेजावर ठेवायला, भिंतीवर टांगायला. हा टोपल्या उपसायचा. तिथून संध्याकाळी कबरस्तानात, मलीहाच्या दगडावर गुलाबपाणी शिंपडायला. डोंगरावर जाणं बंदच झालं. शुक्रवारी झोपून राहायचा.

आणि वेड्या फुलाचे ठसे सापडायचे ना! नकला काय कमी कोरल्या होत्या बाजाराने? सापडला की तो फडक्यात बांधून माझ्याकडे घेऊन यायचा. मेजावर ठेवायचा आणि गाठ सोडायचा. तो ठसा ओळखणारी मूठ एकच. कुली उस्ताद तोवर गेले होते. मी ठशावर मूठ ठेवायचो. माझ्या ठशाच्या पाठीवर, जिथे फटका बसतो तिथे, खळगा पडला होता, माझ्याच हाडाच्या मापाचा.

"नाही, उस्ताद," मी म्हणायचो.

"बरं," तो म्हणायचा, आणि ठसा परत फडक्यात.

चोवीस वर्षांत चौदा वेळा. नववा की दहावा ठसा अगदी जवळचा होता, पाठीवर खळगाही होता. मी मूठ ठेवली आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. हो म्हणायला किती लागतं? जिभेवर आलं होतं. पण एक खोटं आधीच घशात अडकलेलं, दुसरं कुठे घालू? शिवाय, तुम्ही हसाल, मुठीबद्दल खोटं बोलायला मला जमेना. बाकी सगळं खोटं चालतं, मूठ तेवढी खरी पाहिजे! "नाही," म्हणालो. कोकब वहिनी एकदा मला दारातच म्हणाल्या, "रजबभाऊ, जरा तरी हात राखून नाही म्हणत जा. हे दोन दिवस जेवत नाहीत." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला किती वाईट वाटतं.

मधल्या काळात सगळं बसलं. नदी आटली. पूर्वी पुलाखाली आम्ही कापड धुवायचो, वाळूवर पसरायचो, अर्धा मैल फुलं वाळत पडलेली असायची. आता पुलाखाली लोक पायी चालतात. छापखान्यांची यंत्रं आली, हाजी गेला, त्याच्या मुलांनी कारखाना मोडून मोबाइलचं दुकान घातलं. मी घरी बसलो. नेमतचे डोळे गेले, आधी डावा, मग उजवा. तरी गुरुवार सुटला नाही. कोकब वहिनी हाताला धरून न्यायच्या. दुकानदार टोपली पुढे करायचा आणि हा अंगठ्याने पाकळ्या मोजायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी लागली की अंगठा थांबायचा. दुकानदार पोरं चिडवायची, "आजोबा, सोनं शोधताय का?"

गेल्या शिशिरात वहिनींचा फोन आला. "रजबभाऊ, यांना एक मिळालाय. या वेळी हे म्हणतात, हाच. छातीवर घेऊन झोपलेत. तब्येत बरी नाही, तुम्ही येऊन हात लावून बघा."

मी म्हटलं, येतो. गेलो नाही. पुन्हा नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. पुन्हा फोन आला तेव्हा सुनेला सांगितलं, सांग गुडघे धरलेत. आठव्या दिवशी तो गेला.

चाळिसाव्याचं जेवण मशिदीच्या दालनात होतं. वाढप्यांनी जमिनीवर प्लॅस्टिकचा सुफ्रा उलगडत नेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तो एकदाच वापरून फेकायचा. ताटं आली, भात आला, डाळ-गोश्त आलं. मी घास घ्यायला वाकलो आणि भाताच्या खाली ते फूल. सहा पाकळ्या, सहावी निघालेली, पान पोटातून. कुठल्या कारखान्याने कुठल्या कापडावरून उचललं देव जाणे. निळ्या रंगात, ओळीने, शेकड्यांनी. लोक त्यावर हाडं ठेवत होते, बोटं पुसत होते. मी जेवलो. काय करणार होतो? मयताच्या जेवणात उठून जात नाहीत. जेवण झाल्यावर वाढप्यांनी दोन्हीकडून सुफ्रा गुंडाळला, उष्ट्यासकट, आणि काळ्या पिशवीत कोंबला.

बाहेर पडत होतो तर वहिनींनी हाक मारली. बायकांच्या दाराशी जोड्यांपाशी उभ्या होत्या, अंगावरच्या चादरीखाली काहीतरी धरून. वाळून काडी झाल्या होत्या.

"तुम्ही त्या चौदांना नाही म्हणालात, ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हा पंधरावा तुम्ही पाहिलाच नाहीत. शेवटपर्यंत विचारत होते, रजब आला का? पोरीच्या शेजारी निजवलंय त्यांना. दगड अजून बसवायचाय. म्हटलं, तुम्ही सांगाल तर दोघांच्या मध्ये मातीत ठेवीन. नसेल तर नको. खोटं नको तिथे."

फडकं सोडून त्यांनी तो माझ्या हातात दिला. हातात घेताच कळलं. नासपतीचं लाकूडही नव्हतं. प्रवाशांसाठी यंत्रावर कापलेला, जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेला. पाठ सपाट. त्यावर कुणी एकदाही मूठ मारली नव्हती.

मी डोळे मिटले. मूठ ठेवली. तिला बसायला जागाच नव्हती.

"हाच, वहिनी," मी म्हटलं.

"नक्की?"

"या मुठीने लाखदा मारलाय. हाच तो."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. चोवीस वर्षांत एक बरं काम केलं, असं मनात येऊनही गेलं. वहिनी खाली जोड्यांमध्येच बसल्या. ठसा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि पुढेमागे झुलायला लागल्या.

"म्हणजे मिळाला होता त्यांना," त्या म्हणाल्या. "हातात होता. आठ दिवस छातीवर होता आणि माणूस तुमची वाट बघत बघत गेला, खरा की खोटा ते न कळता. एवढं एक हो ऐकायचं होतं त्यांना. रजबभाऊ, का नाही हो आलात तुम्ही?"

लोक जोडे शोधत आमच्या बाजूने जात होते.

"गुडघे धरले होते, वहिनी," मी म्हटलं.